केसाएवढी चीर

माझ्या थोरल्या साडूइतका प्रामाणिक माणूस सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पालथे घातले तरी सापडायचा नाही, आणि त्याच्याइतकं माझं नुकसानही या दोन जिल्ह्यांत दुसऱ्या कोणी केलेलं नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी कशा राहतात असं कोणी विचारलं, तर मी त्याला आधी बसायला सांगतो, चहा मागवतो, आणि मग माझा आवाज चढतो. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे नात्यानं थोरला. वयानंही सहा-सात वर्षांनी मोठा. त्यामुळे तोंडावर मी त्याला कायम ‘आवं पावणं’ म्हणत आलो. इथे कागदावर मात्र मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. एवढा सूड मला परवडतो.

मी दुष्काळी पट्ट्यातला. आमच्या घरात मेंढरं होती आणि माझ्या अंगात घासाघीस होती. मेंढरं मी भावाला ठेवली आणि घासाघीस घेऊन सांगलीला आलो. डोक्यावर पत्र्याच्या ट्रंका घेऊन मी बाजार केले, भंगारवाल्यांशी भांडून भांडून पत्रा घेतला, आणि बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन-तीन वर्षांत औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड टाकली. पण माझी सासुरवाडी कराडजवळच्या मलकापूरची. ऊस, विहिरी, घरटी एक माणूस फौजेत. त्या घरात माझं नाव होतं ‘डबेवाले पावणं’. धान्याच्या कोठ्या आणि ट्रंका करणारा जावई म्हणजे त्यांच्या लेखी बोहारणीच्या जरा वरचा. पंगतीत मला वाढायचे सगळ्यांसारखंच, पण विचारायचे काय, तर ‘औंदा डबं किती गेलं?’ मी तेव्हाच मनात ठरवलं होतं, की एक दिवस या लोकांच्या तोंडून ‘कारखानदार’ हा शब्द वदवून घ्यायचा.

तो दिवस आला असं मला वाटलं, तेव्हा साताऱ्याकडच्या एका दूध संघाला स्टेनलेस स्टीलच्या दुधाच्या टाक्या हव्या होत्या. आधी नमुन्याची एक करून द्यायची, ती पसंत पडली तर पुढच्या अकरा. पत्रा पापडासारखा पातळ, आणि पातळ स्टेनलेसला जोड द्यायचा म्हणजे तेव्हा सांगलीत चेष्टा नव्हती. आमचे वेल्डर लोखंडाचे. त्यांनी दोन तुकडे जोडून दाखवले आणि आम्ही चहा पीत असतानाच त्या जोडातून ‘टिक्’ असा आवाज आला. बघतो तर मधोमध चीर. थंड होता होता आपोआप तडकलेली. नेमका त्याच सुमारास साडू हवालदार होऊन फौजेतून घरी आला होता. फौजेच्या वर्कशॉपात आर्गन गॅसच्या आडोशाला जाळ धरून पातळ नळ्या जोडण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्याचं घरही मलकापुरातच; तिथे जाऊन मी त्याला गाठला. पगारावर घासाघीस करायची मनाची सगळी तयारी करून गेलो होतो, तर याने पगाराचा विषयच काढला नाही. म्हणाला, “तुमी द्याल ते द्या. पर माझ्या कामात हात घालायचा न्हाई.” मला वाटलं, वा, फुकटात सौदा झाला. आयुष्यात ज्या एका सौद्यात मी घासाघीस केली नाही, तोच मला सगळ्यात महाग पडला.

शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर त्याने मला ‘पावणं’ म्हणायचं सोडलं आणि ‘मालक’ म्हणायला सुरुवात केली. इतका अपमानकारक शब्द मी दुसरा ऐकला नाही. “मालक, जरा सावलीतनं बाजूला व्हा.” “मालक, हात काढा.” हात काढा हे तर दिवसातून पन्नास वेळा. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या कमरेला पानाची चंची असते, तशी याच्या कमरेला चंची होती. पण आत पान-सुपारी नाही, स्टेनलेसच्या तारांचा एक ब्रश. तो ब्रश लोखंडाला लागता कामा नये. एकदा आमच्या फिटरने त्या ब्रशाने एका ट्रंकेचा गंज घासला. साडू ओरडला नाही. त्याने तो ब्रश फिटरच्या हातात दिला, म्हणाला, “घे गड्या, आता ह्यो तुझा,” आणि दुसऱ्या दिवशी नवा ब्रश आणायला एसटीने पुण्याला गेला. एका ब्रशासाठी! काम बंद! मी म्हटलं, “आवं, धुऊन घ्या की तोच.” तर म्हणाला, “लोखंडाचा कण त्यात बसलाय. त्यो ह्या पत्र्यात गेला की पत्रा गंजणार. धुऊन जातंय व्हय ते?”

पत्र्याचा जोड घालायच्या आधी दोन्ही कडा, पुढून आणि पाठून, तो स्पिरिटच्या फडक्याने पुसायचा. फडकी जुन्या धोतराची, आक्काने, म्हणजे त्याच्या बायकोने, रिठ्याच्या पाण्यात धुतलेली. एकदा गुळाचे एक मोठे व्यापारी आमची शेड बघायला आले. मी त्यांना कौतुकाने पत्रा दाखवत होतो आणि ते कौतुकाने त्यावर हात फिरवत होते. त्यांचा हात जिथे जिथे फिरला, तिथे तिथे हा मागून फडकं फिरवत गेला. शेवटी व्यापारी कावले. “काय हो, मी काय शेणातनं आलोय काय?” “न्हाई,” हा गंभीरपणे म्हणाला, “जेवून आलायसा. बोटाला तूप हाय.” ते व्यापारी पुन्हा आमच्या शेडमध्ये आले नाहीत. खडूची रेघ चालायची नाही, रंगाची खूण चालायची नाही, तेलाचा थेंब तर चालायचाच नाही. मी विचारलं, “दूध ठेवायचं भांडं करतोय का देव्हारा?” त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. “तेलकट घाण जाळात गेली की जोडाच्या पोटात जाती, आणि पोटात गेली की त्यो निवताना फुटतोय.”

आता त्याच्या टाक्यांबद्दल. जोड पूर्ण भरायच्या आधी पत्रा जागेवर धरून ठेवायला ठिकठिकाणी छोटे ठिपके मारतात, त्यांना आम्ही टाके म्हणतो. लोखंडाला वीतभर अंतरावर एक टाका पुरतो. हा बोटाबोटावर टाका घालायचा. मी मोजून बघितले, एका जोडाला साठ. माझ्या अंगातला बाजार जागा झाला.

“पावणं, तीस करा.”

“साठ.”

“बरं, माझं ऱ्हाऊ द्या, तुमचंबी ऱ्हाऊ द्या. चाळीस.”

“मालक, ह्यो काय वांग्याचा ढीग हाय? पत्रा साठ मागतोय. त्याच्याशी करा घासाघीस.”

मी त्याही पुढे गेलो. पंचेचाळीसवर आलो. माझ्या धंद्याच्या आयुष्यात मी कोणासाठी इतका वर चढलो नव्हतो. तो शांतपणे साठ टाके घालून मोकळा झाला आणि उठून बाहेर लिंबाच्या सावलीला जाऊन शेंगा खात बसला. कारण याचा दुसरा नियम असा, की दोन बोटं जोड भरायचा, की थांबायचं. जोडाशेजारी पालथा हात ठेवून बघायचा. हाताला सोसलं तर पुढची दोन बोटं, तीही शेजारची नाहीत, लांबची. मी माझ्याच शेडमध्ये, चालू मीटरखाली, एका माणसाला शेंगा खाताना बघत उभा. माझं रक्त उकळायचं आणि पत्रा निवायचा.

“लोखंड काय करतंय,” टरफलं फुंकत तो मला सांगायचा, “ऊन सगळ्या अंगाला वाटून घेतंय. ह्ये वाटून घेत न्हाई. जिथं तापलं तिथंच फुगतंय आणि निवताना तेवढंच आवळतंय. मोकळं सोडलं तर वाकडं होतंय, करकचून बांधलं तर फाटतंय.”

“मग करायचं काय मानसानं?”

“टाकं जवळजवळ, जाळ कमी, हात पळता. आन् धीर.”

“धीर कुठनं आणू?”

“त्यो तुमच्याकडं न्हाई, ते दिसतंयच की,” असं म्हणून त्याने मला मूठभर शेंगा दिल्या. माझ्याच शेंगा.

तिसरी खोड जोड संपवायची. बाकीचे वेल्डर जोडाच्या टोकाला आले, की हात उचलतात आणि मोकळे होतात. तिथे एक छोटा खळगा राहतो आणि म्हणे चीर नेमकी त्या खळग्यातच जन्माला येते. म्हणून हा टोकाला आला की उचलायचा नाही; अर्धं बोट मागे यायचा, तारेचा एक थेंब सोडून खळगा भरायचा, जाळ हळूहळू लहान करायचा, आणि विझल्यावरही गॅस सोडत जाळाची टॉर्च तशीच जागेवर धरून ठेवायचा. ही खोड कामापुरती असती तर मी काही बोललो नसतो. पण हा माणूस निरोपही तसाच घ्यायचा. ‘येतो’ म्हणून उठायचा, उंबऱ्यातून परत यायचा, आणखी एक गोष्ट सांगायचा, अंगणातून परत यायचा. एकदा मी त्याला कराडच्या गाडीत बसवून दिला. कंडक्टरने घंटी मारली आणि हा खिडकीत दिसेना. बघतो तर माझ्यामागे उभा. “ते तारेचं बंडल दमट जागी ठिवू नका, एवढंच सांगायचं ऱ्हायलं.” गाडी गेली. रात्रीच्या जेवणाला हा माझ्याकडेच. आमच्या सौ. ताट वाढता वाढता म्हणाल्या, “आक्काला म्हणावं, तुझ्या नवऱ्याला निरोप दिला की तो दुप्पट होतो.”

आमच्या सौ.चा त्याच्यावरचा राग वेगळाच होता आणि तो मला मान्य आहे. त्या वेळी स्टेनलेसची भांडी म्हणजे घरातला दागिना. आमच्या सौ.ने जुन्या जरीच्या साड्या देऊन, वर चार दिवस भांडून, एक मोठा डबा मिळवला होता. साडू जेवायला आला आणि डबा बघून त्याचे डोळे बारीक झाले. जेवण झाल्यावर आम्ही पान खात होतो, तोवर त्याने डब्याच्या बुडाला बाहेरून चुना फासला आणि आत रॉकेल ओतलं. रेशनचं रॉकेल! जोडात चीर असली, तर रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्या चुन्यावर डाग उमटतो; पाणी गळत नाही तिथे रॉकेल गळतं, ही त्याची परीक्षा. अर्ध्या तासाने त्याने डबा वर धरून दाखवला. कडेला बारीक पिवळी रेघ. “बघा, फुटलाय,” म्हणाला, एखाद्याला मुलगा झाल्याचं सांगावं इतक्या आनंदाने. आमच्या सौ. म्हणाल्या, “भावजी, फुटला नव्हता, तुमी फोडला.” पुढे वर्षभर त्या डब्यातल्या साखरेला रॉकेलचा वास यायचा.

असो. नमुन्याची टाकी तयार होत आली. आत-बाहेर आरशासारखी. शेवटचा जोड राहिला होता, तळाशी दूध काढायची नळी बसते तो. शनिवार होता. आता माझी एक रीत सांगतो. ट्रंका विकायचो तेव्हापासून नव्या कामाला मी मारुतीचा शेंदूर लावत आलो आहे. शनिवारी पहाटे देवळात जायचं, मारुतीच्या अंगावरचा तेलातला शेंदूर बोटावर घ्यायचा, आणि कामाला टिळा. त्याच शेंदरावर माझी शेड उभी राहिली अशी माझी श्रद्धा होती, अजूनही आहे. मी आलो आणि नळीच्या जोडाजवळ ठसठशीत टिळा लावला. साडूने तो बघितला, स्पिरिटचं फडकं घेतलं आणि पुसला.

शेडमधले सगळे हात थांबले. माझ्या कानशिलात आग झाली.

“पावणं! मारुतीचा शेंदूर पुसला तुमी?”

“पुसला. लोखंडाला लावा, भिंतीला लावा, माझ्या कपाळाला लावा. ह्या जोडाला न्हाई. शेंदूर म्हंजी शिसं, मालक. तापल्या स्टेनलेसला शिसं लागलं की त्ये तडकतंयच. वर आनि त्यात तेल.”

“आजवर माझं एकबी काम तडकलं न्हाई!”

“आजवर तुमी डबं करत होता.”

हे शब्द त्याने रागाने म्हटले नव्हते, त्याला राग येतच नाही, ही त्याची आणखी एक खोड. पण ते मला मलकापूरच्या पंगतीतून आल्यासारखे लागले. फिटर खाली बघून हसला. साडू हात धुवायला बाहेर गेला आणि मी काय केलं ते आता सांगायला हरकत नाही. टाकी आडवी ठेवलेली होती. मी खाली वाकलो, बोटाला राहिलेला शेंदूर जोडाच्या पाठीमागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, अंगठ्याने टेकवला आणि मनात म्हटलं, मारुतीराया, हा फौजी तुला ओळखत नाही, मी ओळखतो.

त्याने जोड भरला. त्या लहान जोडाला जेवढे टाके लागत होते तेवढे घातले, शेंगा खाल्ल्या, हात ठेवून बघितला, टोकाला अर्धं बोट मागे आला. फक्त शेवटी एकदा चेहऱ्यावरची काच वर करून तो त्या जागेकडे बघत राहिला. “जाळ थुंकला हितं,” एवढंच म्हणाला.

सोमवारी दूध संघाचे साहेब आले. बारीक, चष्मेवाले, फारसं न बोलणारे. टाकी काठोकाठ पाण्याने भरलेली, दोन तास उभी, खाली थेंब नाही. साहेबांनी सगळीकडून हात फिरवला आणि याने, आश्चर्य, फडकं घेतलं नाही. मी पेढ्यांचा पुडा फोडला. साहेबांनी कागद काढला, पेनचं टोपण काढलं. माझ्या डोळ्यांपुढे पुढच्या अकरा टाक्या एका रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे सगळी सासुरवाडी.

“साहेब, थांबा जरा,” साडू म्हणाला. “रॉकेल लावून बघू.”

“काय गरज हाय?” मी म्हटलं. “पाणी थांबलंय. पाण्यापरीस दूध दाट असतंय!”

“अर्धा तास फक्त.”

“साहेबांस्नी वेळ न्हाई पावणं, त्यास्नी साताऱ्याला जायाचंय. साहेब, पेढा घ्या.”

साहेबांनी घड्याळ बघितलं, मग साडूकडे बघितलं, आणि टोपण पेनला लावलं. “बघू या,” म्हणाले.

तो अर्धा तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. याने टाकी रिकामी करून पुसली, नळीच्या जोडाला बाहेरून चुना लावला, तो वाळू दिला, आतून रॉकेलचं बोट फिरवलं, आणि उकिडवा बसून वाट बघू लागला. मी साहेबांना सांगलीचा गणपती, हळद, कृष्णेचा पूर, जे सुचेल ते सांगत होतो. मग साडूने त्यांना हाक मारली. चुन्यावर एक रेघ होती. केसाएवढी. नखाएवढी लांब. मी ती अंगठ्याएवढ्या अंतरावरून बघितली आणि मला जागा ओळखू आली. अंगठा माझाच होता.

मी तोंड उघडायच्या आत तो बोलला. “चूक माझी हाय साहेब. जोडाच्या आधी पाठ परत बघायला पायजे हुती. बघितली न्हाई.”

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “ही टाकी मी घेऊ शकत नाही,” ते म्हणाले. “पंधरा दिवसांनी या बाजूला येईन, तेव्हा बघू.” आणि पेढा हातात तसाच घेऊन जीपमध्ये बसले.

मला सांगा, या माणसाला काय म्हणावं? चीर दाखवायची तर साहेब गेल्यावर दाखवावी. नाही तर माझं नाव तरी घ्यावं! सगळ्या शेडसमोर म्हणावं, ह्यानं शेंदूर लावला, ह्यानं सांगूनही लावला. मग मला भांडता आलं असतं. मी आयुष्यात कोणाशीही भांडून मागे हटलेलो नाही. पण याने माझी चूक उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मला भांडायला जागाच ठेवली नाही. पोलादी माणसालाही तडा जाईल असा हा अन्याय आहे. त्याला कळलं होतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं, कारण तो चीर कानशीने घासत होता आणि चिरेजवळच्या काळ्या डागाभोवती शेंदराची नारिंगी कड अजून होती. त्याने ती मला दाखवली नाही. फडक्याने पुसली.

मी म्हटलं, “वरनं एक थेंब सोडा की. बुजंल चीर.”

“बुजंल. आन् खाली तशीच वाढंल,” तो म्हणाला आणि हातभर लांबीचा तुकडाच नळीसकट कापून काढला. माझ्या डोळ्यांदेखत. पंधरा दिवसांच्या आत नवा तुकडा बसवला. त्या शनिवारी मी देवळात गेलो, नमस्कार केला आणि रिकाम्या बोटाने परत आलो. साहेब आले, त्यांनी आपणहून रॉकेल मागितलं, अर्धा तास उकिडवे बसले, आणि अकरा टाक्यांचं पत्र दिलं. त्यात माझ्या शेडच्या नावाखाली एक ओळ होती: जोडकाम त्याच कारागिराने करावे. मी मालक, माझी शेड, माझी घासाघीस, आणि पत्रात नाव नसलेला तो ‘कारागीर’! ती ओळ मी दहा जणांना रागाने वाचून दाखवली. मलकापूरला सासऱ्यांनाही दाखवली. ते म्हणाले, “थोरलं जावई हाईतच तसं.” ‘कारखानदार’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही तो नाहीच.

पुढच्या तीन वर्षांत त्याने दहा टाक्या केल्या. एकीलाही चीर नाही. मी रोज भांडलो, तो रोज शेंगा खात बसला. अकराव्या टाकीच्या वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं, की तो जोडाच्या फार जवळ वाकतोय, टाके मोजताना बोटाने चाचपतोय, आणि चहाचा कप बशीत ठेवताना बशी शोधतोय. लक्षात आलं नाही, कारण मी नेहमीप्रमाणे उशिराबद्दल ओरडत होतो. टाकी पुरी झाली. दारात ट्रक उभा होता, चार हमाल दोर घेऊन तयार, संघाचा माणूस पावतीवर सही करून बसलेला. साडूने चुना लावला, रॉकेल फिरवलं, अर्धा तास बसला. मग मान वर करून मला म्हणाला, “मालक, जरा तुमी बघता काय? मला दिसंना झालंय.”

“कवापासनं?” मी ओरडलो.

“झालं सा-सात म्हयनं. मोतीबिंदू म्हंत्यात. हाताला कळतंय अजून, पर बघायला तुमीच बघा.”

इतका राग मला त्याच्यावर कधीच आला नव्हता. सहा-सात महिने! आंधळा होईपर्यंत माझ्याकडे काम करत बसला आणि एका शब्दाने सांगितलं नाही. मी तावातावाने खाली वाकलो. चुना पांढराशुभ्र होता. तळाचा जोड स्वच्छ, उभा जोड स्वच्छ, आणि झाकणाच्या कडेला, अगदी टोकाला, एक रेघ. पहिलीपेक्षाही बारीक. माझ्याशिवाय कोणाला दिसली नसती. ट्रकचं इंजिन चालू होतं. हमाल माझ्याकडे बघत होते. संघाच्या माणसाची सही झालेली होती. आणि हा माझा थोरला साडू, डोळे मिटून, मी काय सांगतो ते ऐकायला थांबला होता. मी ‘काही नाही’ म्हणालो असतो, तर तो ‘बरं’ म्हणून उठला असता. माझ्या शब्दावर त्याने कधीच घासाघीस केली नव्हती.

“हाय,” मी म्हणालो.

“कुठं?”

मी ट्रकवाल्याला हाताने इंजिन बंद करायला सांगितलं. साडूचा हात धरला, खरखरीत, चटके बसून बसून कातड्यासारखा झालेला, आणि त्याचं बोट त्या रेघेवर नेऊन ठेवलं. तो ते बोट पुढे-मागे फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, “व्हय. हितं हात लवकर उचलला गेला, पावणं.”

शेडमध्ये त्याने मला ‘पावणं’ म्हटलं ते तेवढं एकदाच. त्याचं बोट मी बराच वेळ तसंच धरून होतो.